पहिल्या ओळीतला लिआंडर

लिआंडरबद्दल चांगलं काही सांग, असं मला कुणी म्हटलं तर मी म्हणेन, दाढी रोज करायचा. पुढचं विचारू नका. माझ्या नवऱ्याचा तो आतेभाऊ आणि आमच्या कुंपणाला लागूनच त्याचं घर, म्हणजे सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचंच. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री, आणि मान अशी ताठ की घशात माशाचा काटा अडकलाय असं वाटावं. "नेलिया, तुझी कचऱ्याची बादली माझ्या फाटकाच्या रेषेपुढं आलीय." कशी आहेस नाही, बरी आहेस का नाही. रेषा!

नोकरी काय, तर आमच्या राजधानीत, पारामारिबोत, एका सरकारी कचेरीच्या दारात माणसं रांगेत उभी करायची. साहेब नव्हे, कारकूनही नव्हे, दारवान. पण तोरा असा की आतल्या साहेबाला यानंच नेमलंय. "तुम्ही मागं व्हा. तुम्ही भिंतीला टेकू नका. तुम्ही, हो तुम्हीच, टोपी काढा." पोटुशी बाई असो की काठी टेकत आलेला म्हातारा, याची रांग मोडायची नाही. आणि बड्या घरचं कुणी मोटारीतून उतरलं की हाच बाबा रांग मोडून त्यांना आत न्यायचा, वर कमरेत वाकून दार धरायचा. लोक म्हणायचे, लिआंडर शिस्तीचा माणूस. डोंबलाची शिस्त! कोण पुढं आणि कोण मागं, एवढंच त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर त्यानं सगळा जन्म काढला.

निवृत्त झाला, रांगा गेल्या. मग त्याच्याकडे एकच गोष्ट उरली, एक जुलै.

एक जुलै म्हणजे गुलामी संपून आमच्या बेड्या तुटल्या तो दिवस. शहरातले लोक त्या दिवशी मैदानावर जमतात, बँड लावतात, खातात, पितात, नाचतात. आमची माणसं मात्र नावेत बसून कोमेवाइने नदीनं खुडहार्टला जातात. तिथल्या उसात आमचे वाडवडील राबले आणि तिथंच मातीत गेले. खुडहार्ट म्हणजे दयाळू हृदय. गोऱ्या मालकानं मळ्याला ठेवलेलं नाव! चाबकाचा आवाज म्हणे नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, आणि धक्क्यावर पाटी काय, तर दयाळू हृदय. लाज कशाशी खातात ते त्या मेल्याला माहीतच नसणार.

आता तिथं वाडा नाही, चरक नाही. एक थोरलं सावरीचं झाड तेवढं उरलंय. त्याच्या बुंध्याशी आम्ही आमच्या मेलेल्यांना पाणी देतो. रीत सोपी आहे. एकाच्या हातात भोपळ्याचा तुंबा असतो. तो मेलेल्याचं नाव पुकारतो, पाण्याची धार सोडतो आणि मागून सगळे ओरडतात, "पाणी पोचलं!" ज्याचं नाव पुकारलं नाही, ज्याला उत्तर मिळालं नाही, तो तहानलेलाच राहतो. हसायचं असेल तर हसा, आम्ही मानतो.

आणि आता आमची अक्कल ऐका. या पाण्याला आम्ही उभे कसे राहतो? पहिल्या ओळीत मुकादमाचं घराणं. आमच्याकडे मुकादमाला बास्या म्हणतात. तो काही गोरा नसायचा. आमच्यातलाच काळा, आमच्यासारखाच विकत घेतलेला. मालक त्याला निवडायचा, हातात चाबूक द्यायचा आणि म्हणायचा, घे, चालव तुझ्या भावंडांच्या पाठीवर. तर त्या मुकादमाची पोरंबाळं पहिल्या ओळीत. त्यांच्यामागं वाड्यात स्वयंपाकपाणी करणाऱ्यांची. मग सुतार-लोहारांची, ती आमची, तिसरी ओळ. आणि सगळ्यांच्या मागं, पार चिखलात, उसात राबलेल्यांची पोरंबाळं. ती सगळ्यात जास्त. रोज पहाटे मालक आपली माणसं मोजायचा तेव्हा त्यांना असंच उभं करायचा. अगदी असंच! सुटका झाल्यावर पहिल्या वर्षी लोक सवयीनं तसे उभे राहिले असतील. मग त्याची रीत झाली, आणि रीत झाल्यावर कोण बोलतो? बेडी तुटली म्हणून नाचायला जायचं आणि मालकाच्या ओळीत उभं राहून नाचायचं. धन्य आमची!

आमची नाव चालवणारा सुरजपाल हिंदुस्थानी आहे. आम्ही सुटलो तेव्हा आमच्या जागी उसात कोण राबणार म्हणून त्याच्या पणजोबाला करारावर आणलं होतं. तो दरवर्षी नावेत बसून आमचा सोहळा बघायचा. एकदा मला म्हणाला, "तांता नेलिया, ही माणसं अजून हजेरी देतात काय?" तांता म्हणजे मावशी, आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला सगळेच म्हणतात.

"हजेरी नाही रे, रीत आहे," मी म्हटलं.

"आमच्याकडे पण होती की असली रीत. हा वरचा, तो खालचा, ह्याच्या हातचं खायचं नाही. जहाजात एकाच पातेल्यातलं खाऊन खाऊन सगळं समुद्रात बुडालं. तुमचं कसं नाही बुडालं?"

"आमच्या जहाजात पातेलं नव्हतं बाबा," मी म्हटलं.

लिआंडर अर्थातच मुकादमाच्या घरचा. मुकादम कोजोचा खापरपणतू. तुंबा त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आला आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. नावेत बसतानासुद्धा पहिली ओळ पुढच्या फळीवर! त्याची बायको रोसालिन बिचारी गरीब गाय. ती आजारी पडली तेव्हा सहा महिने तिचं हगणंमुतणं कुणी काढलं? तांता पिनानं. पिना उसातल्या घराण्यातली, ऐंशीच्या पुढची, तरी रोज चालत यायची, आल्याचं सरबत करून आणायची, रोसालिनचे केस विंचरायची. रोसालिन गेली. शवपेटीमागं माणसं चालायला लागली आणि हा लिआंडर, बायको पेटीत आहे, डोळ्यात टिपूस आहे की नाही देव जाणे, पिनाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "तांता, तुम्ही जरा मागं. आधी घरची माणसं." माझ्या नवऱ्यानं माझा दंड धरला नसता तर मी त्याला तिथंच धुतला असता.

तर ही पिना यंदाच्या जूनमध्ये माझ्याकडे आली. म्हणाली, "चल माझ्याबरोबर लिआंडरकडे. एकटी गेले तर तो मला पायरीवरूनच परत पाठवेल."

"काय काम काढलंस त्याच्याकडे?"

"डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. मग माझ्याकडे न बघता गेर्डाशीच बोलत बसले. मी काय ते समजले." गेर्डा म्हणजे लिआंडरची लेक, इस्पितळात नर्स आहे. आई गेल्यापासून पिनाची काळजी तीच घेते, बापाला न विचारता.

आम्ही गेलो. लिआंडर ओसरीत खुर्चीवर बसलेला. उठला नाही. पिनाला बस म्हणाला नाही. मीच आतून खुर्ची ओढत आणली, मुद्दाम फरशीवर घासत.

पिना म्हणाली, "लिआंडर, पुढच्या वर्षी मी नसेन. यंदा अफीबाचं नाव घे."

"कोण अफीबा?"

"तुला माहीत आहे कोण."

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. अफीबा पिनाची खापरपणजी. पहाटे मोजणी चालली होती, तिचं तापानं फणफणलेलं पोर चिखलात पडलं, ती ओळ सोडून त्याला उचलायला गेली. मालक घोड्यावर बसून बघत होता. मुकादम कोजोनं चाबूक काढला आणि मालकाला खूश करायला मारतच राहिला. अफीबा अंथरुणाला खिळली ती परत उठली नाही. एवढं सगळं झालं आणि सावरीखाली तिचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. घेणार कोण? तुंबा कोजोच्याच घरात!

लिआंडर म्हणाला, "शेतातल्यांना मी पाणी देतो, तांता. त्यात तुमची ती पण आली."

"कुठं देतोस? मुकादमांची नावं घेतोस, वाड्यातल्यांची घेतोस, सुतारांची घेतोस. मग 'आणि शेतातली माणसं' म्हणतोस आणि तुंबा उपडा करतोस. उरलेलं खरकटं ओतावं तसं."

"एकीचं नाव घेतलं तर उद्या सगळे आपापल्या आज्या-पणज्या घेऊन येतील."

"मग येऊ देत की," मी म्हटलं. "नदीत पाणी कमी पडलंय का?"

"नेलिया, तू तिसऱ्या ओळीतली. तुझा इथं संबंध नाही." मग त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली आणि पिनाकडे न बघता म्हणाला, "खरं सांगू का तांता? आमच्या घरात सांगतात, ती कामचुकार होती. ओळ मोडली तिनं."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण पिना उठली आणि पायऱ्या उतरायला लागली, म्हणून मी तिच्यामागं धावले.

रस्त्यात ती रडली. मी म्हटलं, "त्याच्या नाकदुऱ्या काढतेस कशाला? तूच घे नाव. कोण अडवतंय?"

"लोक तुंब्याला उत्तर देतात गं, मला नाही. मी ओरडले आणि मागून कुणी 'पोचलं' म्हटलंच नाही तर? म्हणजे तिला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर मारल्यासारखं होईल." डोळे पुसत ती म्हणाली, "माझी आई मरताना पाणी मागत होती, मी चमच्यानं पाजलं. हिला कोण पाजणार? मी गेले की हिचं नाव माहीत असणारं, हिच्यासाठी भांडणारं कुणी उरणार नाही."

एक जुलैला पिना धक्क्यावर आली ती नव्या कोऱ्या घेरदार पोशाखात, डोक्याला खळ घालून कडक केलेला रुमाल. आमच्या बायकांच्या रुमालाची घडी नुसती शोभेची नसते, तिच्यातून बाई बोलते. पिनाच्या घडीचं नाव होतं 'बोलू देत लोकांना'. नावेत ती मागच्या फळीवर बसली, काठी मांडीवर आडवी ठेवून. लिआंडर पुढं, छाती काढून. जसं काही नदी याच्याच परवानगीनं वाहते.

खुडहार्टला उतरलो. चुलीवर पातेली चढली आणि आम्ही मुकाट आपापल्या ओळींत उभे राहिलो. लिआंडर झाडाच्या बुंध्याशी, हातात तुंबा. शेजारी गेर्डा पाण्याची घागर घेऊन, कारण घागरही पहिल्या ओळीच्याच हातात लागते.

"मुकादम कोजो!" धार सुटली.

"पाणी पोचलं!" आम्ही ओरडलो. दरवर्षीसारखे, बैलासारखे.

मग कोजोचा मुलगा, कोजोचा भाऊ, वाड्यातली स्वयंपाकीण, मालकिणीची दाई, मग आमचे सुतार. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला धार. शेवटी त्यानं घसा साफ केला. "आणि शेतातली माणसं." तुंबा उपडा. "पाणी पोचलं!"

"अफीबा!" मागून पिनाचा आवाज आला.

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांची नजर तुंब्याकडे. आणि मी, एवढी तोंडाची फटकळ, माझीसुद्धा जीभ टाळ्याला चिकटली. थू आमच्या जिंदगानीवर!

लिआंडर वळलासुद्धा नाही. "मागं गडबड नको," म्हणाला.

पिना ओळीतून बाहेर आली. काठी चिखलात रुतत होती, ती उपसत उपसत आमच्या ओळीवरून पुढं गेली, वाड्यातल्यांच्या ओळीवरून पुढं गेली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अफीबाला दोन लेकी होत्या," ती म्हणाली. "थोरली माझी पणजी. धाकटी याबा. कोजोच्या मुलानं तिला घरात घेतली. तिच्या पोटी तुझा आजा झाला, लिआंडर. तूसुद्धा अफीबाचाच आहेस."

"खोटं आहे हे!"

"तुझ्या रोसालिनला मी सांगितलं होतं. ती म्हणाली, ह्यांना नका सांगू, ह्यांना सोसायचं नाही. तुमच्या घरात उसातल्या मुली सून म्हणून येत आणि त्यांचं माहेर कुणी तोंडातून काढत नसे. मागच्या ओळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचार. आम्हाला माहीत आहे. एक तुम्हालाच माहीत नाही, कारण तुम्ही कधी मागं वळून बघितलंच नाही. माझ्या एकटीची नाही रे ती. तुझ्या पणजीची आई तहानलेली आहे. घे तिचं नाव. मी तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकायला लागली. ऐंशीच्या पुढची बाई, पोटात दुखणं घेऊन!

एखाद्या दगडालाही पाझर फुटला असता. पण लिआंडरनं काय केलं? जन्मभर ज्या बाईला अहो-जाहो करत आला, तिच्या अंगावर तो खेकसला, "मागं हो! आधी मागं हो! आपल्या ओळीत जा!" आणि त्याचा हात वर गेला. तुंब्यासकट. मारणार नव्हता तो, एवढं मी त्याच्या बाजूनं बोलते. पण हात वर गेला होता, आणि उसातल्यांच्या ओळीतल्या बायका एकदम अर्धं पाऊल मागं सरकल्या. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्यातल्या एकीलाही कधी कुणी चाबूक दाखवला नव्हता, तरी सरकल्या.

"बाबा, हात खाली घ्या," गेर्डा म्हणाली.

त्यानं घेतला. गेर्डानं घागर उचलून कमरेवर घेतली आणि पिनाकडे निघाली.

"गेर्डा! घागर इथं ठेव. घागर पहिल्या ओळीची आहे."

"पाणी नदीचं आहे, बाबा."

तिनं पिनाला दंडाला धरून सरळ उभं केलं. घागरीला एका बाजूनं तिचा हात, दुसऱ्या बाजूनं पिनाचा. पिनानं मान वर केली. "अफीबा!" पाण्याची धार मातीत पडली. ना तुंबा, ना मुकादम. क्षणभर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, संपलं, आता ही बाई इथंच कोसळणार.

"पाणी पोचलं!" गेर्डा एकटीच ओरडली. पहिल्या ओळीतली पोर!

मग माझ्या घशातून आवाज निघाला, कसा निघाला ते माहीत नाही, फाटका, रडका, पण निघाला. मग मागून सगळ्यांचा. असा आवाज की सुरजपाल नावेत उठून उभा राहिला. पिनानं डोळे मिटले. "याबा!" म्हणाली. "पाणी पोचलं!" आणि मग बांध फुटावा तशी माणसं पुढं आली. कुणी आजीच्या आजीचं नाव घेतलं, कुणाला नावच माहीत नव्हतं, तो म्हणाला, "आमची ती लंगडी, जिचा पाय चरकात गेला ती." तिलाही पाणी मिळालं. घागर रिकामी झाली, नदीवरून पुन्हा भरून आणली, पुन्हा रिकामी झाली. ओळी कुठल्या कुठं गेल्या. सुतारांच्यात वाड्यातले, वाड्यातल्यांच्यात उसातले, सगळा गोपाळकाला. पिना झाडाच्या मुळावर बसली होती, रुमाल वाकडा झालेला, आणि येईल त्याला सांगत होती, "पोचलं गं बाई. पोचलं."

मग जेवणं. उकडलेला कसावा, रताळी, केळी आणि खारा मासा. गुलामीत आमची माणसं जे खायची तेच आम्ही या दिवशी खातो. एरवी पहिल्या ओळीला आधी, खुर्चीवर. या वर्षी कुणी कुणाला वाढत नव्हतं, ज्याला जे हाताला लागेल ते घेऊन माणसं जिथं सावली मिळेल तिथं बसली.

लिआंडर मात्र झाडापाशी उभाच. जिथं होता तिथंच, मान ताठ, हातात रिकामा तुंबा. त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. मला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. पण पिनानं गेर्डाला सांगितलं, "बापाला जेवायला बोलाव," आणि गेर्डा काही उठेना. मग पिनानं माझ्याकडे बघितलं. तिचा शब्द त्या दिवशी कोण मोडणार?

मी गेले. "चल लिआंडर, जेवून घे. मासा संपेल."

त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. माणसं घोळक्याघोळक्यानं बसलेली, हसत, बोटं चाटत, एकमेकांच्या ताटातलं उचलत.

"माझी जागा कुठाय?" त्यानं विचारलं.

"आता कसली जागा? कुठंही बस."

तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

"कुठंही म्हणजे नक्की कुठं, नेलिया?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. माझ्या जिभेवर उलट उत्तर तयारच असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारा खरंच विचारत होता.